येऊ नका असं सांगत फिरणारी पेर्सा

पेर्साला लहान मुलांचे केस एकाच तऱ्हेने कापता येत. कपाळावर सरळ रेघ, कानांवर सरळ रेघ, मानेवर सरळ रेघ. मोठ्यांचे ती हवे तसे कापी, बायकांचे कुरळे करून देई, पण मूल खुर्चीत चढलं की तिचा हात दुसरीकडे वळतच नसे. त्यामुळे आमच्या क्रुश्कोवोतली निम्मी मुलं एकमेकांची भावंडं वाटत. ज्यांचे वडील तुरुंगात होते ती तर सगळीच, कारण त्यांचे केस पेर्सा फुकट कापायची आणि भेटीच्या प्रत्येक शनिवारी कापायची.

हे तिने ठरवून सुरू केलेलं नव्हतं. तिच्या दुकानासमोर बसचा थांबा आहे. तुरुंग मोठ्या शहरात, आणि भेटीला जाणारी माणसं तिथेच बसची वाट बघत. हिवाळ्यात कोशावा वारा सुटला की त्या थांब्यावर मोठ्या माणसालाही उभं राहवत नाही. पेर्सा मुलांना आत बोलवायची. आत आलेलं मूल रिकामं बसलेलं तिला बघवेना, म्हणून ती त्याच्या गळ्यात टॉवेल बांधायची. "बापाला तोंड तरी दिसू दे तुझं," म्हणत कपाळावरच्या बटा उडवायची. मग एकदा एका आईची कोंबड्यांच्या कारखान्यात पाळी लागली. ती म्हणाली, "काकू, एवढ्या खेपेला तुम्ही नेता का याला?" पेर्साने दुकानाला कुलूप लावलं आणि बसमध्ये चढली. पुढच्या खेपेला तीन मुलं होती, त्याच्या पुढच्या खेपेला सात.

लहान मुलाबरोबर नात्यातलंच माणूस हवं असा तिथला नियम होता. पेर्साने सातही जणांची आत्या म्हणून नाव लावलं. फाटकावरचा अधिकारी कागद बघत म्हणाला, "बाई, तुमचे सात भाऊ? आणि सातही आत?"

"आईचं नशीब," पेर्सा म्हणाली.

"आणि सातांची आडनावं सात?"

"वडिलांचं नशीब त्याहून वाईट."

त्या माणसाने कागद परत दिले आणि फाटक उघडलं. मी पिशव्या धरून मागे उभी होते. पेर्सा मला आधीच बजावून ठेवायची, "तेरेझ, तुला नन्सनी वाढवलंय, तुला खोटं बोलता येणार नाही. तू आपली पिशव्या धर आणि खाली बघ." माझे यजमान गेल्यापासून मला शनिवारी दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी खाली बघायला जात असे.

केसांमुळे एकदा घोळ झाला. पहारेकऱ्याने मिलुतिन नावाच्या कैद्याचा मुलगा स्रेतेन नावाच्या दुसऱ्या कैद्यापुढे नेऊन बसवला आणि स्रेतेनचा मिलुतिनपुढे. स्रेतेनने आपल्या मुलाला वर्षभर पाहिलं नव्हतं. तो त्या पोराशी सगळी भेट संपेपर्यंत बोलला, शाळेचं विचारलं, दात पडला त्याचं विचारलं, आणि पोरानेही नीट उत्तरं दिली, कारण मोठ्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं हे पेर्साने शिकवलं होतं. चूक कळली तेव्हा बस निघायची वेळ झाली होती. पुढच्या भेटीला स्रेतेन जाळीमागून म्हणाला, "आत्याबाई, माझा तर आणाच. पण तो मागचाही आणा. चांगला बोलतो."

शाळेत मुलांना 'तुझा बाबा काय करतो' असं विचारलं जाई. बहुतेक आया शिकवत, जर्मनीत आहे म्हणून सांग. पेर्साला ते पटत नसे. "जर्मनीत असता तर चॉकलेट आलं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं," ती म्हणायची. तिने मुलांना सांगितलं होतं, विचारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, 'आत आहे, अमुक साली सुटेल, तुझा कधी जाणार?' शाळेतून तक्रार आली. पेर्सा शाळेत गेली आणि मुख्याध्यापकांचे केस कापून आली.

तिचा स्वतःचा बाप ती लहान असताना आत गेला होता. सरकारला द्यायची डुकराची चरबी त्याने विहिरीत लपवली, ती तरंगून वर आली. याबद्दल ती एवढंच बोलायची. "बुडेल असं वाटलं त्याला," म्हणायची, आणि कात्री पुसायला घ्यायची.

आता राडिशाचं सांगते, कारण पेर्साला सगळं गाव ज्या गोष्टीसाठी अजून नावं ठेवतं ती त्याच्या घरात घडली.

आमच्या चौकात ब्राँझचा एक अर्धपुतळा होता. राडिशाने तो काढून भंगारात विकला. तोपर्यंत त्या पुतळ्याकडे कोणी ढुंकून बघितलं नव्हतं. खटल्यात पुतळ्याला मिशा होत्या की नव्हत्या यावर साक्षीदारांचं एकमत होईना. पण पुतळा गेला आणि गावाचं त्याच्यावर अतोनात प्रेम बसलं. बायका रिकाम्या चौथऱ्यावर बाजाराच्या पिशव्या टेकवून उसासे टाकू लागल्या. राडिशाला शिक्षा झाली. घरी त्याची बायको बोसिल्का आणि दहा वर्षांची मुलगी यागोदा राहिल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी संत लुकाचा दिवस येतो, आणि राडिशाच्या घराण्याचा संत लुका. घराण्याच्या संताच्या दिवशी इथे कोणी कोणाला बोलवत नाही. बोलावणं हाच अपमान. दार उघडं असतं, मेणबत्ती पेटलेली असते, ज्याला यायचं तो येतो, दारातच साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू चमचाभर खातो आणि जेवायला बसतो. जो एकदा आला तो जन्मभर येतो. आला नाही तर त्याने काहीतरी ठरवलं आहे असं समजायचं. आणि घरचा यजमान त्या दिवशी बसत नाही, पाहुणे उठेपर्यंत उभा राहून वाढतो. मी दुसऱ्या पंथात वाढले, मला हे सगळं लग्नानंतर शिकावं लागलं, आणि कोणी नाही आलं तर काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विचारला नाही.

राडिशा पकडला गेला त्या वर्षी कोणी आलं नाही. पेर्सा आणि मी तेवढ्या गेलो. भरलेलं टेबल, रिकाम्या खुर्च्या, आणि बोसिल्का आम्हा दोघींनाच सारखी सर्मा वाढत होती. कोबीच्या पानातल्या खिम्याचे ते मुटके मला पुढे वर्षभर बघवेनात.

दुसऱ्या वर्षी दिवस जवळ आला तशी यागोदा दुकानात आली आणि खुर्चीत न बसता उभी राहिली.

"पेर्सामावशी, तुझा हा रेडिओ त्या दिवशी देशील का? आमच्याकडचा लहान आहे."

"कशाला गं?"

"आवाजाला."

मग हळूहळू निघालं. गेल्या वर्षी आम्ही दोघी घरी गेल्यावर तुरुंगातून राडिशाचा फोन आला होता. त्याने विचारलं, कोण कोण आलंय. यागोदाने दरवर्षीची सगळी नावं सांगितली. तो म्हणाला, मग आवाज कसा नाही? तेव्हा तिने रेडिओ लावला.

"मग?" पेर्साने विचारलं.

"त्यावर नद्यांचं पाणी सांगत होते. डॅन्यूब, बेझ्दान, चार सेंटीमीटर उतार. बाबा म्हणाले, हे कोण बोलतंय? मी म्हटलं, झिवानकाका."

"आणि?"

"बाबा म्हणाले, झिवानला म्हणावं, तिसा नदीचं पाणीही सांग." यागोदाने नाक पुसलं. "या वर्षी गाण्यांचं स्टेशन लावते. गाण्यात माणसं असतात. पण लहान रेडिओवर खरखर येते."

"आई काय म्हणते?"

"आई म्हणते, या वर्षी काही करायचं नाही. मेणबत्ती लावू आणि दार लावून घेऊ. पण मग बाबांचा फोन आला की मी काय सांगू? दार लावलंय म्हणून?"

पेर्साने तिला खुर्चीत बसवलं आणि सरळ रेघा मारल्या. रेडिओ देईन असं काही ती बोलली नाही. मुलगी गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "तेरेझ, लोकांना बोलावता येत नाही."

"नाहीच येत."

"बोलावलं तर कोणी येणार नाही. वर बोसिल्काला भिकारी म्हणतील." ती टॉवेल झटकत राहिली. "पण येऊ नका असं म्हणायची बंदी कोणी घातलीय का?"

मी विचार केला. अशी बंदी मी ऐकली नव्हती, कारण असं कोणी कधी केलं नव्हतं.

पहिला सापडला झिवान. तो राडिशाचा लग्नातला साक्षीदार आणि यागोदाचा धर्मपिता. इथे हे नातं सख्ख्या भावाच्या वर मानतात. तो दाढीला आला. पेर्साने त्याच्या तोंडाला फेस फासला, वस्तरा गळ्याला लावला आणि म्हणाली, "झिवान, लुकाच्या दिवशी बोसिल्काकडे येऊ नकोस बरं का."

झिवान फेसाआडून म्हणाला, "कोण जाणार होतं?"

"तेच म्हणते. येऊ नकोस."

"म्हणजे मी गेलो तर चालणार नाही?"

"जागा नाही म्हणे."

"मला जागा नाही? त्या पोरीला देवळात मी हातात धरलं होतं."

"हलू नकोस, कापेल."

"हे बोसिल्का म्हणाली?"

"या वर्षी कोणी नको असंच आहे तिचं."

"ती कोण मला नको म्हणणारी?" झिवान अर्धी दाढी तशीच ठेवून उठला. पेर्साने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि उरलेली अर्धी मुकाट्याने केली. एका गालाने गावात फिरला असता तर लोकांनी दुसरंच काही विचारलं असतं.

पेर्साने त्यानंतर पोस्टमनला आणि देवळातल्या घंटा वाजवणाऱ्याला सांगितलं, बस. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला येऊ नका म्हणून निरोप पोचला होता. ज्यांना त्या घराचा उंबरा माहीत नव्हता तेही लाल झाले. पुतळा चोरतो आणि वर आम्हाला दार बंद करतो? दुसऱ्या दिवशी बेकरीवाली नातालिया दुकानात आली. तिचे केस नुकतेच झाले होते, तरी खुर्चीत बसली.

"पेर्सा, खरं सांग. माझ्याबद्दल काय म्हणाली ती?"

"तुझ्याबद्दल काही नाही."

"काहीच नाही? पोस्टमनला येऊ नको म्हणाली, झिवानला म्हणाली, त्या घंटावाल्याला म्हणाली. आणि मला काहीच नाही?"

"नाही बाई."

"म्हणजे मला नको म्हणायच्या लायकीचंही समजत नाही." नातालियाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "तीन पिढ्या त्यांना ब्रेड घालतोय आम्ही."

"बरं, तूही येऊ नकोस," पेर्सा म्हणाली. नातालिया थोडी शांत होऊन गेली.

शेवटी बोसिल्का आली. कारखान्यातले रबरी बूट पायात तसेच. "काकू, माझ्या नावाने येऊ नका सांगत फिरताय तुम्ही?"

"हो."

"लोक माझ्याशी बोलेनासे झालेत."

"आधी बोलत होते?"

"नाही," ती म्हणाली. "पण आता रागाने बोलत नाहीत."

"तू या वर्षी काही करणार होतीस का?"

"नव्हते."

"कोणी यावं असं तुला होतं का?"

"नव्हतं."

"मग मी खोटं काय बोलले? विचार तेरेझला."

दोघींनी माझ्याकडे बघितलं. नन्सकडे सात वर्षं काढूनही मला त्यात खोटं सापडेना, आणि तसं मी म्हणाले. बोसिल्का खुर्चीवर बसली. मग म्हणाली, "काकू, तरीही येतील ते?"

"मला काय माहीत," पेर्सा म्हणाली. "चार मुटके जास्त कर."

संत लुकाच्या दिवशी सकाळी मेणबत्ती पेटली. दार उघडं ठेवायचं की लावायचं यावर मायलेकींचं भांडण झालं, आणि ते अर्धवट उघडं राहिलं. पेर्सा आणि मी स्वयंपाकघरात होतो. यागोदा गव्हाची वाटी घेऊन दारात उभी होती. बाप नाही, तर यजमान ती, म्हणून ती बसायला तयार नव्हती. टेलिफोन बोळात भिंतीला होता आणि तिची अर्धी नजर त्याच्यावर होती.

दुपारपर्यंत कोणी आलं नाही. रस्त्यात माणूस नव्हतं, पण समोरच्या घरांचे पडदे हलत होते. पुढे झिवानच्या बायकोने मला सांगितलं की तो आदल्या वर्षीही अंगात कोट घालून संध्याकाळपर्यंत खिडकीत उभा होता. दुसरं कोणी निघतं का ते बघत. सगळ्या घरांतून असंच. गावभर माणसं कोट घालून खिडक्यांत उभी, आणि पहिला कोणी निघायचा नाही.

या वर्षी मात्र झिवान निघाला. पाय आपटत आला, दारात उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "मला जागा नाही असं ऐकलं. बघायला आलोय, कुठे नाही ते." यागोदाने वाटी पुढे केली. त्याने चमचाभर गहू खाल्ले, डोळे पुसले, टेबलाशी मधोमध बसला आणि हाताची घडी घातली. पडद्यांमागून एवढं दिसणं पुरे होतं. पोस्टमन आला. घंटावाला आला, घंटा तशीच सोडून. नातालिया सगळ्या नातेवाइकांना घेऊन आली आणि म्हणाली, "आम्हालाही येऊ नका म्हणून खास सांगितलंय." ज्याचं राडिशाशी कधी पटलं नाही तो आला, कारण त्याला येऊ नको म्हणायचा हक्क राडिशाचा होता, बायकोचा नव्हता. प्रत्येकजण रागाने आत येई, रागाने गहू खाई आणि रागाने बसे. खुर्च्या संपल्या तेव्हा पलंगावर बसले, पलंग भरला तेव्हा उभे राहिले. एक कुटुंब न्हाणीघरात टबाच्या काठावर ताटल्या घेऊन बसलं होतं आणि तिथून हलायला तयार नव्हतं.

सर्मा लगेच संपली. बोसिल्का स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकली. "काकू, आता काय वाढू यांना?" नातालियाने ते ऐकलं. "चोराचं घर खाऊन रिकामं केलं असं कोणी आम्हाला म्हणायला नको," ती म्हणाली, आणि मुलाला बेकरीत पिटाळलं. बाकीच्यांना ते लागलं. घरोघरी निरोप गेले, झाकलेली पातेली आली, एक भाजलेलं डुकराचं पिल्लू हातगाडीवरून आलं. बोसिल्काला कोणी आभार मानू देईना, कारण सगळे अजून रागावलेले होते.

विदोये हवालदार बराच उशिरा आला. राडिशाला त्यानेच पकडलं होतं. तो गणवेशात होता, टोपी काढावी की ठेवावी हे त्याला कळेना.

"मला कोणी नको म्हणालं नाही," तो दारात म्हणाला. "पण मी समजून घेतलं."

यागोदाने त्याच्यापुढेही वाटी धरली.

तेवढ्यात फोन वाजला.

घरात इतकं बोलणं चाललं होतं की आधी तो कोणालाच ऐकू आला नाही. यागोदा मात्र वाटी कोणाच्या तरी हातात देऊन माणसांमधून बोळाकडे निघाली होती. कोणीतरी म्हणालं, "तुरुंगातून आहे." आणि तेवढ्या गर्दीच्या घरात एकदम चिडीचूप झालं. प्रत्येकाला ऐकायचं होतं. घास थांबले, दारूचे पेले हातात थांबले, टबाच्या काठावरचेही थांबले.

"बाबा," यागोदा म्हणाली. "हो, आलेत. खूप आलेत."

तुरुंगातला फोन खडखडता असतो, पलीकडचं सगळ्यांना ऐकू येत होतं. राडिशा म्हणाला, "यागोदा, खोटं नको बोलूस बाळा. कोणी नसलं तरी चालतं. आपण दोघं बोलू."

"नाही बाबा, खरंच आहेत. ते ऐकतायत."

"बरं," राडिशा म्हणाला. "ऐकू दे त्यांना." लहान मुलाच्या खेळात मोठं माणूस भाग घेतं तसा त्याचा आवाज होता.

यागोदाने फोन छातीशी धरला आणि वळून आमच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर माझ्या मैत्रिणीने मारलेली ती सरळ रेघ, आणि तिच्याखाली ओठ घट्ट मिटलेले. झिवानने तोंड उघडलं आणि मिटलं. रागाने आलेल्या माणसाला गोड बोलायचं म्हटलं की असं होतं. पेर्साने त्याला कोपराने ढोसलं, पण तो डोळेच पुसू लागला.

विदोये हवालदार पुढे झाला. त्याने टोपी काखेत मारली, यागोदाच्या हातातून फोन घेतला आणि पोलिसी आवाजात म्हणाला, "राडिशा, मी विदोये. तुला अटक केली तो."

राडिशा म्हणाला, "तू कशाला आलायस? आता काय गेलं?"

"काही गेलं नाही. संत लुकाला आलोय."

"कोणाच्या?"

"तुझ्या. बसायला जागा नाही. जेवणही उभ्यानेच करतोय."

"झिवान आहे?"

"आहे. रडतोय."

"मी रडत नाही," झिवान मागून ओरडला, आणि त्याबरोबर सगळं घर एकदम बोलायला लागलं. नातालिया फोनपाशी पोचून म्हणाली की तिला सगळ्यांत शेवटी नको म्हटलं गेलं आणि ती हे विसरणार नाही. पोस्टमनने कोणाच्या तरी खांद्यावरून विचारलं, आता स्पष्टच सांग, मिशा होत्या की नव्हत्या? राडिशाने काय उत्तर दिलं ते कोणालाच ऐकू आलं नाही. प्रत्येकजण फोन ओढत होता आणि आपलं बोलून पुढच्याकडे देत होता. बोसिल्काच्या हातात तो आला तेव्हा ती फक्त म्हणाली, "ऐकतोयस ना?" आणि पुढे केला.

शेवटी तो यागोदाकडे परत आला. पलीकडे राडिशा हसत होता की काय करत होता, त्या खडखडीत समजत नव्हतं. तो म्हणाला, "सांग बाळा, अजून कोण आहे? अजून बोल. माझी वेळ संपली नाहीये."

यागोदाने मागे बघितलं. टेबलावर ताटल्या रिकाम्या झाल्या होत्या, विदोयेला अजून कोणी वाढलं नव्हतं, आणि दारात कोणीतरी नवीन माणूस घसा खाकरत उभं होतं.

"बाबा, आता ठेवते," ती म्हणाली. "घरात पाहुणे आहेत."

तिने फोन भिंतीला अडकवला आणि वाटी कोणाच्या हातात दिली होती ते शोधायला निघाली.